नऊ जणांची कूस

इस्त्रीवालीला आयुष्यात फार काही नको होतं. सोनं नको, नाणं नको; तिला फक्त एकदा उताणं झोपायचं होतं. पाठ जमिनीला टेकवून, हात दोन्हीकडे फेकून, कुणाच्या नाकाला कोपर न लागता. लग्न होऊन या गल्लीत आल्यापासून ती कुशीवरच झोपत आली होती, आणि तिच्या दोन्ही मुलीही जन्मापासून तेच शिकल्या होत्या.

नशिबाची थट्टा बघा, काम करायची ती एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात. दिवसभर हातात पांढऱ्याशुभ्र चादरी, आणि एकेक चादर केवढी! दोघींनी चार टोकं धरल्याशिवाय घडी पडायची नाही. त्या चादरीवर म्हणे दोनच माणसं झोपतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिने जोडीदारणीला विचारलं, "दोघंच? मग उरलेल्या जागेत करतात काय?" जोडीदारीण इतकी हसली की घडी सुटली आणि चादर पुन्हा धुवायला टाकावी लागली.

इस्त्रीवालीच्या घरात माणसं नऊ आणि खोली एक. खोलीत एक लोखंडी खाट, एक ड्रॉवरचं कपाट, कोपऱ्यात शेगडी आणि पाण्याची बादली. खाटेवर काका, म्हणजे सासऱ्यांचे धाकटे भाऊ. गुडघ्यांनी दगा दिलेले निवृत्त वॉचमन. खाटेखाली धाकटे दीर आणि जाऊबाई. दीर रंगारी, अंगाने काडी, म्हणून तिथे मावायचे. त्यांचं तान्हं कपाटाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये; रात्री तो ड्रॉवर बाहेर काढून पत्र्याच्या पेटीवर ठेवत. उरलेल्या जमिनीवर भिंतीला टेकून इस्त्रीवालीचा नवरा, वेल्डर; मग ती, मग दोन मुली, आणि सगळ्यांत शेवटी दाराला पाठ लावून सासूबाई. त्या आडव्या झाल्या की दार उघडत नसे. घराचं कुलूप म्हणजे त्याच.

जमिनीवरची पाचही माणसं एका कुशीवर, डब्यात चमचे रचावेत तशी. एकाला वळायचं तर सगळ्यांनी वळायला हवं. जमिनीवरचे वळले की खाटेखालून बाहेर आलेल्या चार पायांना वळावं लागे, आणि खालचे वळताना वरच्या काकांनीही वळलं नाही तर खाटेचा झोळ दिरांच्या नाकावर येई. म्हणून सासूबाईंनी, त्या नवी सून असतानाच, एक शिस्त घालून दिली होती. अंग अवघडलं की त्या झोपेतच एक शब्द बोलत: "कूस!" आणि सगळं घर एकदम वळे. कुणी जागं होत नसे, अगदी ड्रॉवरमधलं पोरसुद्धा. शेजारची खोली आणि ही यांच्या मधे होती ती फक्त फळ्यांची भिंत, आणि इकडचं घर वळलं की फळ्या तिकडे फुगत. त्यामुळे शेजाऱ्यांनीही निमूटपणे सासूबाईंचीच आज्ञा पाळायला सुरुवात केली होती. त्यांच्या पलीकडच्यांनीही. अख्खी गल्ली एका म्हातारीच्या शब्दावर कूस बदलते, हे काही कुणी बाहेर सांगत नसे. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

उलट सगळा जन्म लपवण्यातच गेला होता. मालकाचा नियम कडक: एका खोलीत तीन माणसं. चौथं दिसलं की सामान रस्त्यावर. त्याचा वसुलीवाला अधूनमधून अवचित टपके. त्यासाठी गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या मोच्यावर पहाऱ्याचं काम होतं. चकचकीत बूट आणि काखेत पिशवी दिसली की तो ओरडे, "दूध उतू गेलं!" तीच आरोळी दारोदार पुढे जाई. तोवर अंथरुणं गुंडाळलेली, जास्तीचे कप फळीमागे, आणि जास्तीची माणसं मागची बुटकी भिंत ओलांडून भंगारवाल्याच्या आवारात. गुडघेदुखीचे काका त्या भिंतीवरून असे जात की हरणाने लाजावं. दारात उरत वेल्डर, इस्त्रीवाली आणि सासूबाई. सासूबाई म्हणत, "आम्ही तिघंच, साहेब." इतक्या वर्षांत हे एकदाही चुकलं नव्हतं.

आणि म्हणूनच घात झाला.

गल्ली पाडून सगळ्यांना नवी घरं देणार, हे नक्की झालं होतं. टेकाडापलीकडे इमारती उभ्याही राहिल्या होत्या. दीर तिथेच रंगाच्या कामावर होते, आणि रोज येऊन खिडक्यांचं वर्णन करत. सभेत साफ सांगितलं होतं: पाचपर्यंत माणसं असतील तर एक घर, त्याहून जास्त असतील तर शेजारी-शेजारी दोन. मोजणीला बाई येतील, सोमवारी. सगळ्यांनी घरी थांबा.

मोजणीच्या बाई कामाला वाघ. त्या आल्या रविवारीच, सकाळी सकाळी. सुट्टीचा दिवस, सगळी माणसं सापडतील असा त्यांचा हिशोब. हिशोब चांगलाच होता. पण मोच्याने काय पाहिलं? चकचकीत बूट आणि काखेत पिशवी.

"दूध उतू गेलं!"

जित्याची खोड ती. डोकं काही विचार करायच्या आत पाय पळाले. अंथरुणं गुंडाळली गेली, तान्हं ड्रॉवरमधून उचललं गेलं, काका भिंतीवरून गेले. बाई दारात आल्या आणि प्रेमाने विचारलं, "घरात माणसं किती, आजी?"

"आम्ही तिघंच, साहेब," सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी दारावर खडूने ३ काढला आणि पुढच्या दाराकडे गेल्या. तिथेही ३. त्याच्या पुढेही ३. इस्त्रीवाली हातात गुंडाळलेली चटई घेऊन त्या आकड्याकडे बघत राहिली, आणि मग तिच्या डोक्यात उजेड पडला. तिच्या हातून चटई खाली पडली.

ती धावत गल्लीच्या तोंडाशी पोहोचली, तोवर बाई निघून गेल्या होत्या. मागच्या भिंतीवरून एकेक डोकं वर येत होतं. "गेला का वसुलीवाला?" काकांनी विचारलं.

त्या दिवशी गल्लीत चूल पेटली नाही म्हटलं तरी चालेल. मोच्याशी कुणी बोलेना. तो आपला हातोडा मांडीवर ठेवून तोंड पाडून बसला होता. इस्त्रीवालीच्या घरात सगळे गोल बसले होते, म्हणजे जेवढं गोल बसता येईल तेवढं.

"मी त्या तीनाचा नऊ करू का?" दिरांनी विचारलं. "ब्रशचा एक फटकारा."

"आणि बाईंच्या डोक्यातला तीन कोण पुसणार, भावोजी?" इस्त्रीवाली म्हणाली.

सासूबाई मात्र शांत होत्या. "एवढं रडायला काय झालं? घर तर मिळतंय ना? जाऊ सगळे तिकडे. आजवर लपलो, तिथेही लपू."

आता इस्त्रीवाली तशी गरीब गाय. सासूला उलटून बोलणारी नव्हे. पण हे ऐकलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आई, नवं घर तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर असेल. काका उडी कुठून मारणार? आणि माझ्या मुली तिथेही ओरडा ऐकून पळणार? त्यांच्या मुलीही पळणार? मला नको असलं घर. मी माणसं लपवायला नव्या घरात जाणार नाही."

वेल्डर बायकोकडे असा बघत होता, जणू ही बाई आजच घरात आली. मग तो म्हणाला, "उद्या सगळ्यांनी सुट्टी टाका."

दुसऱ्या दिवशी गल्लीबाहेर पत्र्याच्या तात्पुरत्या ऑफिसपुढे सगळी गल्ली उभी होती. आतून मोजणीच्या बाईंचा आवाज येत होता, आणि तो काल दारात होता तसा प्रेमळ नव्हता. इस्त्रीवालीची पाळी आली तेव्हा तिने सगळं खरं खरं सांगितलं: मालक, मोची, दूध, भिंत.

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "काल तीन होतात, आज नऊ झालात. परवा आले तर किती व्हाल?"

"नऊच होऊ, बाई. नऊच आहोत."

"कुणाचा काही कागद आहे? या पत्त्यावरचा?"

"कागद न होऊ देण्यातच आमचा जन्म गेला, बाई. कागद असता तर मालकाने तेव्हाच हाकललं असतं."

"मग मी काय करू ते तुम्हीच सांगा," बाई म्हणाल्या, आणि त्यांचंही काही चुकत नव्हतं. "मागच्या वस्तीत लोकांनी माणसं भाड्याने आणली होती. एका बाईने तर नवरा भाड्याने आणला! त्याचं नाव विचारलं तर तिला सांगता येईना. शेजाऱ्यांची साक्ष म्हणाल, तर तुम्ही सगळे एकमेकांचे साक्षीदार. आणि मी ती खोली बघितली आहे. तिथे नऊ माणसं उभीसुद्धा राहणार नाहीत. झोपतील कशी?"

"झोपतात," इस्त्रीवाली म्हणाली. आणि मग, कुठून बळ आलं कोण जाणे, तिच्या तोंडून निघून गेलं, "झोपून दाखवू?"

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "दाखवा. आत्ता."

सगळी वरात गल्लीत आली. पण दारातच अडलं. सासूबाई सगळ्यांच्या आधी परतून उंबरठ्यावर ठाण मांडून बसल्या होत्या.

"दिवसाढवळ्या? चारचौघांत लेकासुनांना झोपवायचं? काही अब्रू आहे की नाही घराला?" त्या म्हणाल्या. "आजवर कुणाला कळू दिलं नाही, कसं झोपतो ते. माझ्या माहेरीसुद्धा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असंच नाही म्हणत."

इस्त्रीवाली त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, दोन्ही एकदम. "आई, झाकून झाकून बोटं आखडली हो. आता उघडा मूठ."

सासूबाईंनी तोंड फिरवलं. पण थोड्या वेळाने जराशा सरकल्या. आत जायला वाट झाली.

बाई शेगडीच्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या. त्यांचा मदतनीस बाहेरच थांबला, त्याला जागाच नव्हती. आधी काका खाटेवर चढले. मग दीर पोटावर सरपटत खाटेखाली गेले, त्यांच्यामागून जाऊबाई. ड्रॉवर पेटीवर, तान्हं ड्रॉवरमध्ये. वेल्डर भिंतीला चिकटला. एरवी लोखंड वाकवणारा गडी, पण कान लाल झाले होते. इस्त्रीवाली त्याच्यामागे आडवी झाली आणि तिने डोळे घट्ट मिटले. परक्या बाईच्या बुटांसमोर, भर सकाळी, दारात गल्लीभर डोळे. जमिनीने पोटात घ्यावं असं तिला वाटलं. मुली मात्र खुशीत होत्या. एकमेकींना चिमटे काढत त्या आपापल्या जागी लवंडल्या.

"आठ झाले," बाई म्हणाल्या. "आणि इथे, दाराशी, एक जागा रिकामी आहे."

जागा रिकामी होतीच.

मग उंबरठ्यावर हालचाल झाली. सासूबाई गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या. दारातल्या गर्दीवर त्यांनी अशी नजर टाकली की पुढचे दोघं आपोआप मागे सरले. त्या आत आल्या, दार लोटलं आणि दाराला पाठ लावून आपल्या जागी झोपल्या. खोलीत अंधारलं. बाईंना उभं राहायला जी वीतभर जागा होती तीही गेली. त्यांनी एक पाय उचलला, आणि तो ठेवायला दुसरी जागा न सापडल्याने रिकाम्या बादलीत ठेवला.

कुणीच हलेना. काकांना तर खरोखरच डुलकी लागली. ते बारीक घोरू लागले.

"कूस!" सासूबाई म्हणाल्या.

आणि घर वळलं. वेल्डर, इस्त्रीवाली, दोन्ही मुली, सासूबाई, एका दमात, एका आवाजात. खाटेखालचे चार पाय वळले. काका घोरतच वळले आणि खाटेचा झोळ दिरांच्या नाकावरून केसभर अंतराने गेला. ड्रॉवरमधल्या पोराने अंगठा चोखतच कूस बदलली. आणि मग फळ्यांच्या भिंतीपलीकडून धपकन आवाज आला. त्याच्या पलीकडून आणखी एक. मग आणखी पुढे, धप्, धप्, धप्, गल्लीच्या टोकापर्यंत. इस्त्रीवालीचं घर झोपून दाखवतंय हे कळल्यावर सगळी गल्ली आपापल्या घरात जाऊन आडवी झाली होती, आणि आज्ञा ऐकू येताच वळली होती.

बाई बादलीत पाय ठेवून तशाच उभ्या होत्या. त्यांचं तोंड उघडं होतं.

"मला बाहेर जायचंय," शेवटी त्या हळूच म्हणाल्या.

"आता सकाळीच," सासूबाईंनी डोळे न उघडता सांगितलं. "एकजण निघाला तर नऊ जण उठतात. आमच्यापैकी कुणाला रात्री जायचं असलं तर आम्हीही सकाळपर्यंत थांबतो, बाई. लेकरंसुद्धा थांबतात."

हे त्या काही दुःखाने बोलल्या नाहीत. घरची रीत सांगावी तसं सांगितलं. पण इस्त्रीवालीच्या बंद डोळ्यांतून पाणी आलं आणि पुढ्यातल्या मुलीच्या केसांवर पडलं. वेल्डरने मागून हात पुढे करून तिचं बोट धरलं. तेवढंच करायला जागा होती.

"कळलं, आजी," बाई म्हणाल्या.

दार उघडलं, तेव्हा बाहेर ऊन लख्ख पडलं होतं. बाईंनी खडूचा तीन तळहाताने खसाखसा पुसला आणि त्या जागी मोठा ९ काढला. मग त्या पुढच्या दारात गेल्या, आणि त्याच्या पुढच्या. प्रत्येक दारात माणसं आपापल्या ठरलेल्या जागी निजलेली. टेबलाखाली, फळीवर, एकमेकांच्या पायांशी डोकं करून. गल्लीच्या टोकाला पोहोचेपर्यंत बाईंचा खडू संपला. मदतनिसाला नवा आणायला पळावं लागलं, आणि एकदाचं गल्लीने पोटभर हसून घेतलं.

ज्या दिवशी गल्ली पाडायचं यंत्र आलं, त्या दिवशी सामान आधीच टेकाडापलीकडे गेलं होतं. तरी सगळे बघायला जमले. मोची आपली पेटी काखेत घेऊन मागे मागे उभा होता. अजून त्याला पुढे यायची हिंमत होत नव्हती. इस्त्रीवालीनेच त्याला हाताला धरून पुढे आणलं. "ओरडा की, दादा. तुमच्याशिवाय कसं व्हायचं?"

यंत्राचा दात पहिल्या भिंतीला लागला. मोच्याने छातीत हवा भरली.

"दूध उतू गेलं!"

आरोळी तोंडातोंडी गल्लीभर फिरली. भिंत कोसळली, धूळ उठली, पोरं किंचाळली. आणि एकही माणूस जागचा हलला नाही. काका तर हाताची घडी घालून उभे राहिले आणि म्हणाले, "मी काही पळत नाही. माझे गुडघे दुखतात."

नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर शेजारी-शेजारी दोन घरं मिळाली. एकात दीर, जाऊबाई, तान्हं आणि काका. दुसऱ्यात इस्त्रीवाली, वेल्डर, मुली आणि सासूबाई. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत सामान लावलं. लावलं म्हणजे काय, होतं ते सगळं एका भिंतीशी ठेवलं आणि तरी तीन भिंती उरल्या. मुली एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नुसत्याच धावत होत्या, कारण धावता येत होतं. शेवटी दमून पडल्या. वेल्डरही भिंतीशी लवंडला, सवयीने भिंतीला चिकटून. सासूबाईंनी दार लावलं आणि त्याला पाठ लावून आडव्या झाल्या. त्यांना किती वेळा सांगितलं, आई, आत खोली आहे, तिथे निजा. पण ऐकतील तर शपथ.

इस्त्रीवाली खोलीच्या मधोमध आली. खिडकीतून ऊन आलं होतं, फरशी कोमट झाली होती. ती बसली, मग हळूहळू मागे झुकली आणि पाठ टेकवली. मग एक हात पसरला. कुणाला लागला नाही. दुसरा पसरला. तोही नाही. पाठीचा एकेक मणका जमिनीवर उतरत गेला, आणि तिच्या तोंडून एक उसासा निघाला, चांगला मोठा, कुणाच्या मानेवर जाईल याची पर्वा न करता सोडलेला.

"कूस!" दाराशी सासूबाई झोपेत बोलल्या.

वेल्डर वळला. दोन्ही मुली वळल्या. पलीकडच्या घरात खाट करकरली.

इस्त्रीवाली वळली नाही.

"आई," ती छताकडे बघत मोठ्याने म्हणाली, "आता कूस नाही. आता उताणं."

सासूबाई जाग्या झाल्या. मग हाडं कुरकुरल्याचा आवाज आला. म्हातारी सावकाश, बिचकत, भिंतीचा आधार घेत पाठीवर झाली.

"अगंबाई," ती म्हणाली. "छत केवढं आहे गं!"

दोघी तशाच पडून छत बघत राहिल्या. रंग दिरांनीच दिला होता, पांढरा, आणि कुठेही एक डाग नव्हता.